नाक मुरडण्यामागचं नाक

माझा भाचा पोहे खायला बसला की आधी साफसफाई होते. बशी जवळ ओढायची, चमच्याच्या टोकाने कोथिंबिरीचं एकेक पान उचलायचं आणि कडेला हिरवा ढीग रचायचा. दाणे राहतात, मिरचीचे तुकडेही राहतात. कढीपत्ता तर सगळेच बाजूला काढतात, त्याला कोणी काही म्हणत नाही. कोथिंबीर काढली की मात्र ते नखरे ठरतात. "पानात पडेल ते मुकाट्याने खायचं," ही माझ्या आईची शिस्त. त्यावर भाच्याचं उत्तर ठरलेलं: "आज्जी, साबणासारखी लागते गं."

आई हसते. मला हसता येत नाही. एक तर पोरगं खरं बोलतंय, आणि दुसरं म्हणजे घरात शेपूची भाजी असते त्या दिवशी बाहेर जेवायची कारणं मीच शोधत असतो.

अशा आवडीनिवडींना आपण 'जिभेचे चोचले' म्हणतो, पण त्यात जिभेचा दोष थोडाच. जिभेला कळतं ते फार तर गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मुरलेल्या रश्शाची ती भरीव चव). षड्रसांतला तिखट हीसुद्धा शास्त्राच्या भाषेत चव नव्हे. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंनाच चेतवतं, म्हणून तोंड 'पोळतं'. बाकी सगळं काम नाकाचं. नाक घट्ट चिमटीत धरून थोडी बडीशेप चावून पाहा. किंचित गोड भुसा चावल्यासारखं वाटेल. मग चिमूट सोडा. घशामागच्या वाटेने वास नाकात चढतो आणि एकदम बडीशेप 'लागते'. आपली भाषा या बाबतीत अचूक आहे: न आवडणाऱ्या पदार्थाला आपण जीभ नाही, नाक मुरडतो.

कोथिंबिरीच्या पानांचा वास येतो तो मुख्यतः अल्डिहाइड कुळातल्या रेणूंमुळे. डेकॅनाल, डेसेनाल, डोडेसेनाल अशी त्यांची नावं. दहा-बारा कार्बन अणूंची साखळी आणि टोकाला एक ऑक्सिजन, अशी साधी घडण. यातलं डेकॅनाल संत्र्याच्या सालीतही सापडतं. याच कुळातले रेणू साबणाच्या वासात असतात, म्हणजे भाच्याचं निदान पुस्तकाबरहुकूम बरोबर. आणखी एका ठिकाणी हे कुळ भेटतं: ढेकणात. ढेकणाचे रेणू थोडे आखूड, सहा-आठ कार्बनचे, पण जातकुळी तीच. जुन्या वाड्यात वाढलेल्यांना चिरडलेल्या ढेकणाचा वास समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीतल्या 'कोरिअँडर' या शब्दाचं मूळही ढेकणासाठीच्या 'कोरिस' या ग्रीक शब्दाशी जोडलं जातं. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

गंमत म्हणजे हाच भाचा धने-जिरे पूड घातलेली आमटी दोन वाट्या पितो. रोप एकच, पण पिकलेल्या धन्यांच्या वासात राज्य असतं लिनॅलूल नावाच्या फुलांच्या वासाच्या रेणूचं. अल्डिहाइडांचा जोर तिथे ओसरलेला असतो. तेव्हा त्याचं भांडण पानांशी आहे, रोपाशी नाही. (विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "सांबार नको" असं तो नागपुरात म्हणाला तर कोणी ते नखऱ्यात मोजणार नाही, इडलीबरोबर नुसती चटणी देतील.)

मग एकाला साबण आणि दुसऱ्याला सुगंध, असं का? माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही असतात, आणि प्रत्येकाचं जनुक वेगळं. ही जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या जनुकांमध्ये माणसागणिक बारीकसारीक फरक असतात, त्यामुळे एकाच पोह्यांच्या बशीवर वाकलेली दोन नाकं एकच वास घेत असतील याची खात्री नाही. २०१२ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' या जनुक-चाचणी करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी युरोपीय वंशाच्या हजारो ग्राहकांना कोथिंबीर साबणासारखी लागते का ते विचारलं आणि उत्तरं त्यांच्या जनुकांशी ताडून पाहिली. अकराव्या गुणसूत्रावर, गंधग्राहींच्या जनुकांच्या एका पुंजक्यात, फरक सापडला. त्या पुंजक्यातलं 'ओआर६ए२' हे जनुक अल्डिहाइडांना प्रतिसाद देणाऱ्या गंधग्राहीचं, म्हणून संशयाची सुई त्याच्यावर.

तेव्हापासून 'कोथिंबिरीचं जनुक' ही बातमी दर वर्षी-दोन वर्षांनी नव्याने शिजते. मला ती अर्धकच्ची वाटते. त्याच अभ्यासात पुढे म्हटलं आहे की या जनुकीय फरकाचा परिणाम लहान आहे. तपासलेले सगळे सर्वसाधारण फरक एकत्र धरले तरी साबणचवीतल्या तफावतीचा नऊ टक्क्यांहून कमी भाग उलगडतो. म्हणजे तो फरक असूनही कोथिंबीर चवीने खाणारे भरपूर, आणि नसूनही 'ई' करणारे आहेतच.

त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅनडातल्या तरुणांची नावड मोजली. पूर्व आशियाई वंशाच्या २१ टक्के, युरोपीय वंशाच्या १७ टक्के, दक्षिण आशियाई ७ टक्के आणि मध्यपूर्वेतल्या ३ टक्के जणांना कोथिंबीर नकोशी होती. लहानपणापासून जिथे ती ताटात असते तिथे नावड कमी, असं म्हणायचा मोह होतो. पण कोथिंबीर चिनी स्वयंपाकातही असते, तेव्हा हिशोब इतका सरळ नसावा. आणि ७ टक्के म्हणजे काही थोडे नव्हेत. हेच प्रमाण इथे धरलं तर ३०० पानांच्या पंगतीत वीस-एकवीस जण मसालेभातावरची हिरवाई गुपचूप बाजूला सारत असणार.

मसालेभाताचं नाव निघालंच आहे तर त्यातली लवंग. ती अवचित दाताखाली आली की काहींना थेट दवाखान्यातली खुर्ची आठवते. लवंगेचा वास म्हणजे युजेनॉल, आणि दातात भरायच्या सिमेंटमध्ये हेच युजेनॉल झिंक ऑक्साइडबरोबर कालवलेलं असतं. फ्रान्समध्ये १९९८ साली झालेल्या एका अभ्यासात लोकांना युजेनॉल हुंगायला देऊन त्यांच्या नाडीसारख्या अनैच्छिक प्रतिक्रिया मोजल्या. दंतवैद्याची धास्ती नसलेल्यांना तो वास सुखद वाटला. धास्ती असलेल्यांच्या शरीराने भीतीची लक्षणं दाखवली. इथे रेणूत फरक नव्हता, मागे राहिलेली आठवण वेगळी होती.

माझं जायफळाचं प्रकरण याहून सरळ आहे. सातवी-आठवीत असताना भरपेट श्रीखंड-पुरी खाऊन आम्ही चिपळूणला निघालो आणि कुंभार्ली घाटात मला गाडी लागली. पुढचं सांगत नाही. त्यात दोष वळणांचा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्या मेंदूच्या ज्या भागाने निकाल दिला त्याला मात्र वळणं दिसली नाहीत, फक्त जायफळाचा वास आठवला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांवर हेच दाखवून दिलं होतं. सॅकरिनचं गोड पाणी पिताना उंदरांवर गॅमा किरणांचा मारा केला. पुढे बरे झाल्यावरही ते उंदीर त्या गोड पाण्याला तोंड लावेनात. किरणं दिसत नाहीत, चव कळते, म्हणून खापर चवीवर. विषारी काही पोटात गेलं तर एकाच अनुभवात शहाणं व्हावं, यासाठी ही सोय. माझ्या बाबतीत तिने चुकीचा माणूस धरला आणि गेली तीस वर्षं सोडलेला नाही.

आता शेपू. तिचा प्रश्न फक्त जेवणापुरता नसतो, तिचे ढेकर संध्याकाळपर्यंत हजेरी लावतात. तिच्या बिया म्हणजे बाळंतशेपा, आणि बियांच्या वासातला मुख्य रेणू कार्व्होन. या कार्व्होनची आरशातली प्रतिमा, म्हणजे उजव्या हातमोज्याला डावा तशी, पुदिन्याच्या एका जातीला तिचा वास देते. अणू तेच, जोडणी तीच, फक्त वळण उलटं, आणि नाकाला दोन्ही अगदी निराळे वाटतात.

बाळंतिणीच्या सुपारीत हा शेपा असतोच. २००८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांना कार्व्होनच्या कॅप्सूल देऊन त्यांचं दूध तपासलं. साधारण दोन तासांत कार्व्होन दुधात सर्वांत जास्त होतं. चवीची ओळख त्याहूनही आधी सुरू होते. फ्रान्समध्ये गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत बडीशेपेसारख्या वासाचं अ‍ॅनिस खाल्लेल्या आयांची बाळं जन्मल्याच दिवशी त्या वासाकडे वळत होती. अ‍ॅनिस न खाल्लेल्या आयांची बाळं एक तर थंड राहिली, नाही तर तोंड फिरवत होती.

हे वाचून मी आईला विचारलं, तू माझ्या वेळी शेपा खाल्ला होतास का? "रोज, जेवण झाल्यावर, चिमूटभर," ती म्हणाली. मग मी शेपूला असा का? माझी पळवाट अशी की पानांचा वास बियांचा नसतो. पानांत कार्व्होन बेताचंच, तिथे फेलँड्रीन आणि शेपूचाच म्हणून ओळखला जाणारा एक ईथर चढेल असतात. आईला ही पळवाट पटलेली नाही.

भाच्याचं मात्र काहीतरी होण्यासारखं आहे. कोथिंबीर वाटली की पेशी फुटतात आणि पानांतलीच विकरं (एन्झाइम) त्या अल्डिहाइडांचं रूपांतर सौम्य वासाच्या रेणूंमध्ये करू लागतात. वाटून थोडा वेळ ठेवलेल्या चटणीत साबण बराच निवळलेला असतो. लहान मुलांना नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा तरी चाखावी लागते, असंही अभ्यास सांगतात, आणि तेही सक्ती न करता.

गेल्या रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या गाडीवर सँडविच खाल्लं. पावाला हिरवीगार चटणी थापलेली होती. भाच्याने एक संपवलं आणि दुसरं मागितलं. मी म्हटलं, "अरे, यात कोथिंबीर आहे." त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मामा, ही कोथिंबीर नाहीये. ही चटणी आहे."