पट्टा वेगळा, सामूहिक वनहक्क वेगळा

गडचिरोली असो, चंद्रपूर असो की मेळघाट, वनहक्काच्या सभेत भिंतीवर नकाशा लागला की मागच्या रांगेतून प्रश्न येतोच, "मंग आमच्या वाट्याला किती एकर येते जी?" भिंतीवर असतं गावाचं सामूहिक जंगल, विचारणाऱ्याच्या डोक्यात असतो पट्टा, म्हणजे एकेका घराच्या नावे मिळणारी कसायची वनजमीन. त्यावर पुढे बसलेला कोणी शहाणा हेक्टरांना घरांनी भागून आकडा सांगून मोकळा होतो. त्या एका भागाकारानं जेवढं नुकसान झालंय तेवढं वनखात्यानंही केलं नसेल.

पट्टा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्याचा हक्क मान्य केला. जेवढी प्रत्यक्ष ताब्यात तेवढीच, आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. आदिवासी नसाल तर त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या जंगलाच्या भरवशावर राहिल्याचं दाखवावं लागतं. पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही. लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. हे कायद्यातच आहे, कोणाची मेहरबानी नाही. तरी "बाईचं नाव कशाला अडकवता" म्हणणारे भेटतातच. त्यांना दारातूनच परत पाठवा.

दोन्हींतले वरवरचे फरक एका दमात सांगून टाकतो. वैयक्तिक दाव्याचा नमुना 'अ', सामूहिक वापराचा 'ब', सामूहिक वनसंपत्तीचा 'क'. दावे तपासणारी वनहक्क समिती तीच, वर उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समित्याही त्याच. पुरावाही साधारण तसाच: जुन्या नोंदी चालतात, जागेवरच्या खुणा चालतात, गावातल्या म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं. यात अडण्यासारखं काही नाही. तरी प्रशिक्षणाचा अर्धा दिवस फॉर्मच्या रंगावर आणि झेरॉक्सच्या संख्येवर जातो.

अडतं ते पुढे. पट्ट्यात जमीन मोजली जाते. सामूहिक वनहक्कात ठरतं ते एवढंच की या जंगलाचं काय करायचं ते कोण ठरवणार. तिथं हेक्टरांचा आकडा फक्त सीमा कळावी म्हणून असतो: अमुक नाल्यापासून तमुक पहाडीपर्यंत, जिथवर गावाचा वापर पिढ्यान्‌पिढ्या आहे तिथवर. त्याला ४ हेक्टरांची मर्यादा नाही आणि त्याचे वाटेही नाहीत. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, माणसाला हे खरं म्हणजे समजावून सांगायची गरज पडू नये. बोडी, म्हणजे छोटं शेततळं, एखाद्याच्या शेतात असते, तिचं पाणी त्याच्या धानाला जातं. मामा तलावाचे, म्हणजे गावाच्या जुन्या माजी मालगुजारी तलावाचे, चौरस फूट मात्र कोणी वाटून मागत नाही. तिथं भांडण होतं ते पाणी कधी सोडायचं आणि आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, यावरून.

आता या सामूहिक हक्काच्याही आत दोन थर आहेत, आणि भलीभली गावं पहिल्या थरावरच थांबतात. पहिला थर घेण्याचा: मोहफूल वेचणं, बिडीची तेंदूपाने तोडणं, बांबू, चराई, तळ्यातली मासळी. आपल्याकडे जुन्या मध्य प्रांतापासून चालत आलेला निस्तार तो हाच. दुसरा थर ठरवण्याचा, म्हणजे 'क' नमुन्याचा: जंगल राखणं, वाढवणं, त्याचं व्यवस्थापन करणं. कायद्याच्या तिसऱ्या कलमात तो स्वतंत्र लिहिलाय आणि पाचव्या कलमानं ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचे अधिकार दिलेत. नुसता 'ब' नमुना भरून मोकळे झालात तर हातात निस्तार पडतो. ठरवणारा साहेब जुनाच राहतो.

हा फरक कागदी वाटत असेल तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची गोष्ट पाहा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हातात होता, बांबू रानात उभा होता. पण गावाबाहेर बांबू न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलात. बांबू हे गौण वनउत्पन्न आहे असं कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट लिहिलेलं, तरी खातं ते मानायला तयार नव्हतं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्याच समितीकडे दिलं. मधल्या दोन वर्षांत त्या जंगलाचा एक हेक्टरही कमी-जास्त झालेला नव्हता. भांडण होतं ते सही कोणाची, एवढ्यावरच.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं याच्याही पुढची पायरी दाखवली. बांबू तोडून विकायचा, पण तेंदू तोडायचा नाही, असं ग्रामसभेनं ठरवलं. तेंदूपायी फांद्या छाटल्या जातात आणि जंगलात वणवे लागतात म्हणून. हंगामाचे रोख पैसे देणाऱ्या मालाला गावानंच नाही म्हटलं. निस्ताराच्या हक्कात असं नाही म्हणण्याची जागा कुठं आहे? अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं ओसाड रान राखून सीताफळं विकली. तीन गावं, तीन वेगळे निर्णय. मला सामूहिक वनहक्काची याहून नेमकी ओळख करून देता येणार नाही.

आता विषमतेचं बोलू, कारण खरा घोळ तिथं लपतो. पट्टा हा जुन्या ताब्यावर मिळतो. ज्याच्याकडे बैलजोडी होती, घरात चार हात होते, ज्यानं दंड भरून, मार खाऊनही जमीन सोडली नाही, त्याचा पट्टा झाला. हे न्यायाचंच आहे. पण जिचा नवरा लवकर गेला आणि जिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली, तिचा ताबा कुठून दाखवणार? तिला पट्टा शून्य. गावातल्या आदिवासी नसलेल्या ढिवराच्या किंवा तेल्याच्या घराला ७५ वर्षांच्या पुराव्यासाठी दफ्तरं धुंडाळावी लागतात, ते वेगळंच. सामूहिक हक्कात मात्र गावातला प्रत्येक प्रौढ माणूस ग्रामसभेचा सदस्य. चार हेक्टरवाल्याचं मत एक आणि त्या बाईचंही एकच.

पण म्हणून सामूहिक हक्क आला की समता आपोआप आली, असं म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच कंटाळा आहे. तेंदूच्या हंगामात पहाटे पाने तोडून दुपारी पुडे बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेणाऱ्या बाया, आणि कंत्राटदाराशी दर ठरवायला खुर्चीवर बसलेले चार बाप्ये, हे चित्र अजून बदलायचंय. काही ग्रामसभांचे तेंदूचे पैसे कंत्राटदारांनी थकवले, तेव्हा करारात काय लिहिलंय हे निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. ठरवण्याचा अधिकार गावाला मिळाला तरी गावात कोण ठरवतं हा प्रश्न उरतोच. फक्त आता तो साहेबाच्या टेबलावर नाही, आपल्या ओट्यावर सोडवायचा आहे.

सभेतला दुसरा नेहमीचा प्रश्न, "सामूहिक टाकला तर आमचा पट्टा जाईन काय?" नाही जात. दोन्ही हक्क एकाच कायद्यातले आहेत आणि एकाच शिवारात सुखानं नांदतात. सामूहिक सीमेच्या आत तुमची मान्य झालेली वहिती जशीच्या तशी राहते. उलटही तितकंच खरं आहे: सामूहिक हक्क मिळाला म्हणून २००५ नंतर नवं रान तोडून वहिती करता येत नाही. 'करता येते' ही अफवा पसरवणारे बहुतेक वेळा ज्यांना तशी तोड करायची आहे तेच असतात, हे माझं निरीक्षण.

आणखी एक डोकेदुखी. अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी यांसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. त्या मंजुऱ्या दाखवून "आमच्या गावाला सामूहिक हक्क मिळालेत" असं सांगितलं जातं. ती गावाच्या सोयीसाठी दिलेली जागा आहे, सामूहिक वनहक्क नव्हे. आपल्या गावाचा कागद काढून बघा. त्यात चतुःसीमा आणि ग्रामसभेचं नाव नसेल तर पेढे वाटू नका.

माझं ठाम मत विचाराल तर आधी 'क' नमुना भरा, मग 'ब', मग पट्टे. सीमा एकदा बोलून, शेजारच्या गावाला सोबत घेऊन, पायी फिरून ठरली की पट्ट्यांची मोजणी सोपी जाते. उलट क्रमानं गेलं की आपापला पट्टा घेऊन लोक घरी जातात आणि सामूहिक दाव्याच्या सभेला कोरम भरत नाही.

दावा नामंजूर झाला तर अपिलाला ६० दिवस असतात. पट्ट्याच्या बाबतीत ते ज्याचे त्यानं मोजलेले असतात, कारण पत्र घरी येतं. सामूहिक दाव्याचं पत्र मात्र गट ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन पडतं आणि सचिवाच्या कपाटात मुदत संपते. वनहक्काच्या कामात ग्रामसभा म्हणजे तुमच्या गावाची, पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात, तर तुमच्या टोल्याचीही सभा. चार गावांची मिळून असलेली ग्रामपंचायत नव्हे. म्हणून दाव्यावर पत्ता लिहिताना वनहक्क समितीच्या अध्यक्षाचा आणि सचिवाचा घरचा पत्ता लिहा, आणि दिलेल्या कागदाची तारखेसह पोच घेतल्याशिवाय उपविभागीय कार्यालयातून उठू नका.