रोज फिरायला जातात, मग खुर्चीतून उठताना हात का टेकावे लागतात?

बोस्टनच्या हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये कायमच्या मुक्कामाला असलेल्या दहा आजी-आजोबांना डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनं उचलायला लावली. या प्रयोगाचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. मंडळींची वयं ८६ ते ९६. व्यायाम एकच होता. बसायचं, पायाला जोडलेलं वजन गुडघा सरळ करत वर न्यायचं आणि सावकाश खाली आणायचं. असं आठ वेळा, मग विश्रांती, पुन्हा आठ, पुन्हा आठ, आणि हे आठवड्यातून तीन दिवस. वजनही नावापुरतं नव्हतं. ज्याला एका दमात जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते नेलं होतं आणि ताकद वाढेल तसं ते वाढवत होते.

आठ आठवडे नऊ जण टिकले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी भरला. दोघांची काठी सुटली. मग चार आठवडे व्यायाम थांबवला, तर कमावलेल्या कमाल ताकदीत ३२ टक्के घट झाली. माझ्या मते हा शेवटचा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. नव्वदीतला स्नायूही काम दिलं की वाढतो आणि काम काढून घेतलं की उतरतो. ‘आता या वयात काय व्हायचंय’ हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहज बोललं जातं, की त्यापायी कितीतरी माणसं वेळेआधी परावलंबी होतात.

याच संशोधकांनी शंभर रहिवाशांवर मोठा प्रयोग केला, त्याचा अहवाल १९९४ साली आला. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. ताकद वाढली ती व्यायाम करणाऱ्यांची. नुसतं पेय पिणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. वडिलांसाठी प्रोटीनचा महागडा डबा आणून आपलं कर्तव्य झालं असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. खाणं लागतंच. उतारवयात दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत असं तज्ज्ञ सांगतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच), आणि चहा-पोळीवर भागवणाऱ्या आजींना ती मिळत नाहीत. पण स्नायूला काम दिलं नाही, तर नुसत्या प्रथिनांनी ताकद येत नाही.

आता फिरण्याविषयी. आपल्याकडे साठीनंतरचा व्यायाम म्हटलं की सकाळचा फेरफटका, आणि तो चांगलाच आहे. हृदयाला, साखरेला, झोपेला, मनाला त्याचा उपयोग होतो. पण वयाबरोबर स्नायूत काय बिघडतं ते पाहिलं, की त्याची मर्यादा कळते.

स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू न दमता तासन्तास काम करतात. वेगवान तंतू थोडाच वेळ, पण जोरात आकसतात. वय वाढतं तसे झिजतात ते मुख्यतः हे वेगवान तंतू. मज्जारज्जूतून निघणारी एकेक चेतापेशी अनेक तंतूंना हुकूम देते, एखाद्या मुकादमाच्या हाताखाली गडी असावेत तशी. उतारवयात काही मुकादम कायमचे जातात. त्यांच्या गड्यांपैकी काहींना शेजारचा मुकादम आपल्यात घेतो, बाकीचे बसून राहतात आणि हळूहळू संपतात. म्हणून दंडाचा घेर फारसा कमी झालेला दिसत नसतानाही जोर बराच गेलेला असतो.

सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना संथ तंतूंवरच भागतं, वेगवान तंतूंना बोलावणंच जात नाही. ते कामाला लागतात भार जड असेल तेव्हा किंवा हालचाल झटकन करायची असेल तेव्हा. खालच्या सोफ्यातून उठणं, बसची पायरी चढणं, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे ओल्या फरशीवर पाय सरकला की क्षणार्धात दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरणं. रोज तीन किलोमीटर चालणारे आजोबा बाथरूममध्ये पडतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

पडण्यावरचा पुरावा याच दिशेने बोट दाखवतो. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यांत २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम एकत्र असतील तर घट आणखी जास्त दिसली. केवळ चालण्याने पडणं कमी होतं, असं म्हणण्याइतका पुरावा मात्र सापडला नाही. उलट ब्रिटनमध्ये १९९७ च्या एका चाचणीत, आधी हाताचं हाड मोडलेल्या स्त्रियांना भरभर चालायला सांगितलं, तर त्या तुलनेच्या गटापेक्षा जास्त पडल्या. त्यांचं फिरणं बंद करावं असा याचा अर्थ नाही. आधी पाय आणि तोल तयार करायला हवे होते, एवढाच आहे.

मग चांगला कार्यक्रम कसा असतो? मला सगळ्यांत पटलेलं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. ड्युनेडिनच्या ओटागो विद्यापीठात १९९०च्या दशकात जॉन कॅम्बेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्या घरी करायचा कार्यक्रम बसवला. पहिली चाचणी ८० वर्षांवरच्या २३३ स्त्रियांवर झाली. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी येई आणि प्रत्येकीला झेपेल तिथून सुरुवात करून देई. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून गुडघा सरळ करणं, मागे दुमडणं, पाय बाजूला उचलणं. टाचा उचलणं, चवडे उचलणं. मग तोलाचे प्रकार: टाचेला चवडा लावत एका रेषेत चालणं, उलट चालणं, बाजूला चालणं, इंग्रजी आठच्या आकड्यात वळत चालणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून उठणं-बसणं. सुरुवातीला ओट्याला किंवा टेबलाला धरून, मग एका हाताने, मग न धरता. अर्ध्या तासाचा हा व्यायाम आठवड्यातून तीनदा, शिवाय फिरणं. पुढे चार चाचण्यांतल्या ६५ ते ९७ वयाच्या १,०१६ लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा पडण्याचं आणि त्यातून होणाऱ्या दुखापतींचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. एवढ्यासाठी ना जिम लागली, ना मोठी यंत्रं.

मोबाइलवर ज्येष्ठांच्या व्यायामाचे व्हिडिओ ढिगाने येतात. ते पाहताना या कार्यक्रमाशी ताडून पाहावं. पायांना भार आहे का? तोल आहे का? आणि सहा आठवड्यांनी व्यायाम थोडा अवघड होतो का? बसल्याबसल्या फक्त हात फिरवणं आणि मान वळवणं वर्षभर तसंच चालू असेल, तर सांधे मोकळे होतील, पण पाय बळावणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाच्या हालचालीबरोबर दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल-ताकद मिळून केलेले व्यायाम सांगितले आहेत. पहिला भाग सगळ्यांना ठाऊक असतो, पुढचे दोन कुणी सांगत नाही.

आपण कुठे आहोत हे घरीच कळू शकतं. हात नसलेली, सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडा आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. शेजारी कुणीतरी उभं असू द्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका धरावा. हातांचा आधार घ्यावाच लागला तर गुण शून्य. आकडे अमेरिकेतले आहेत, म्हणून नेमक्या संख्येपेक्षा तीन महिन्यांनी आपलाच आकडा वाढला का, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

योगवर्गाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण आपल्याकडे बहुतेक ज्येष्ठ तिथेच जातात. १९८४ साली सिनाकी आणि मिकेलसन यांनी हाडं ठिसूळ झालेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या मणक्यांचा अभ्यास मांडला. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नव्याने दबल्या-मोडल्याच्या खुणा दिसल्या. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ८९ टक्के होतं. अभ्यास लहान होता, पण इशारा स्पष्ट आहे. हाडांची घनता कमी असेल तर पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन किंवा पाठ गोल करून पोटाचे व्यायाम करू नयेत, आणि शिक्षकांना हे पहिल्याच दिवशी सांगावं. ताडासन, वृक्षासन, भिंतीला टेकून केलेलं उत्कटासन यांत तोल आणि ताकद दोन्ही आहेत. श्वास कोंडून जोर लावू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. छातीत दुखतं, चक्कर येते, रक्तदाब ताब्यात नाही किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

शिकवणारं माणूस कुठे मिळेल? फिजिओथेरपिस्टची दोन-तीन सत्रं सुरुवातीला घेतली तर पुढचं घरी चालवता येतं. २०१०-११ पासूनच्या ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूद आहे, तिथे चौकशी करावी. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि हास्यक्लब (मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये पहिला सुरू केला) यांची जमलेली मंडळी हेच मोठं भांडवल आहे. एकट्याने सुरू केलेला व्यायाम सुटतो, चौघांत केलेला बराच काळ टिकतो. रोजच्या हास्याच्या फेरीनंतर दहा मिनिटं टाचा उचलणं आणि उठबस घालायला संघाला पैसाही लागत नाही.

आणि घरातलं कुणी दवाखान्यात दाखल झालं, तर तेव्हाच जास्त जागरूक राहावं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं आणि ताकद सुमारे १६ टक्क्यांनी उतरली. आजारी माणसाचं नुकसान याहून जास्तच होणार. स्पेनमधल्या पॅम्प्लोना इथे ३७० अतिवृद्ध रुग्णांपैकी निम्म्यांना दाखल असतानाच रोज देखरेखीखाली थोडा व्यायाम दिला; घरी जाताना ते स्वतःची कामं आधीइतकी करू शकत होते, बाकीच्यांची क्षमता घटली होती. तेव्हा ‘पडून राहा, आराम करा’ असं आपणच म्हणण्याआधी वॉर्डातल्या डॉक्टरांना रोज सकाळी विचारावं: यांना आज खुर्चीत बसवू का, धरून उभं करू का, दारापर्यंत चालवू का?