प्रेस

प्रेस : मूळ अर्थ दाबणे, किंवा दाबण्याचे यंत्र. लॅटिनमधल्या ‘दाबणे’ अर्थाच्या धातूवरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द मराठीत बहुधा स्त्रीलिंगी चालतो : ती प्रेस, सरकारी प्रेस. कोणता अर्थ घ्यायचा हे बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरते. याचा पडताळा नाशिकमध्ये जितका मिळतो तितका क्वचितच दुसरीकडे मिळेल.

नाशिकरोडला कोणी ‘वडील प्रेसमधून रिटायर झाले’ म्हटले, तर ते बातमीदार होते का असे तिथे कोणी विचारत नाही. प्रेस म्हणजे जेल रोडची सरकारी प्रेस. त्यातही दोन. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ची. तोवर हिंदुस्थानची टपाल तिकिटे मुख्यतः लंडनच्या टॉमस दे ला रू कंपनीत छापली जात. करन्सी नोट प्रेस १९२८ची. पंचम जॉर्जचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट ही तिथली सुरुवातीची छपाई. पासपोर्ट, टपाल तिकिटे, मुद्रांक पहिलीत, नोटा दुसरीत. दोन्ही आता केंद्र सरकारच्या, २००६ साली स्थापन झालेल्या महामंडळाकडे आहेत. ‘भारत प्रतिभूती मुद्रणालय’ आणि ‘चलार्थ पत्र मुद्रणालय’ ही त्यांची कागदोपत्री नावे. रिक्षावाल्याला ती सांगून पाहू नयेत.

इथे दाबण्याचा अर्थ अगदी शब्दशः उरला आहे. शंभर आणि पाचशेच्या नोटांवरचे गांधीजींचे चित्र इंटाग्लिओ पद्धतीने छापतात. धातूच्या प्लेटवर कोरलेल्या बारीक खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांत घुसवायचा. शाई कागदावर उंच बसते. कोऱ्या नोटेवर बोट फिरवले की खरखर लागते ती हीच. कडेच्या तिरप्या रेघाही अशाच उठावाच्या असतात, शंभरावर चार आणि पाचशेवर पाच. दृष्टी नसलेल्या माणसाला नोट ओळखता यावी म्हणून ही सोय आहे, पण नोट हातोहात फिरून मळली की उठाव झिजतो.

छापखान्यावरून शब्द छापणाऱ्यांकडे, म्हणजे वृत्तपत्रांकडे गेला. १८७८चा देशी वृत्तपत्रांवरचा कायदा ‘व्हर्नाक्युलर प्रेस अ‍ॅक्ट’ म्हणूनच ओळखला जातो. राज्यघटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्याचे वेगळे कलम नाही. कलम १९ मधल्या भाषण-अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातच ते येते असे सर्वोच्च न्यायालयाने १९५० पासून मानले आहे. प्रेस नोट, प्रेस कॉन्फरन्स यांना प्रसिद्धिपत्रक आणि पत्रकार परिषद हे चांगले मराठी शब्द आहेत आणि वापरातही आहेत. मोटरसायकलच्या नंबरप्लेटजवळ लाल अक्षरांत लिहिलेले ‘प्रेस’ मात्र पोलिसांना उद्देशून असते. नाशिकरोडला त्याचाही अर्थ दोन्हीकडून लागू शकतो.

गुटेनबर्गने १४५०च्या सुमारास माइंझमध्ये वापरलेले लाकडी मुद्रणयंत्र द्राक्षे पिळण्याच्या स्क्रू प्रेसवर बेतलेले होते असे सामान्यतः मानतात. नाशिकच्या वायनरीत ही थोरली प्रेस आजही चालते, फक्त स्क्रूची जागा हवेने घेतली आहे. आडव्या टाकीतला पडदा हवेने हळूहळू फुगतो आणि द्राक्षे दाबली जातात. व्हाइट वाइनसाठी आंबवण्याआधीच रस काढतात, रेडसाठी साली रसात मुरू देऊन नंतर. दाब जास्त झाला की बियांचा कडवटपणा उतरतो. त्यामुळे प्रेसवरच्या माणसाला घाई करून चालत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उलट. तिथली पॉवर प्रेस टनात मोजतात. पत्र्याची पट्टी डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर सरकवायची, वरचा पंच खाली येतो आणि वॉशर किंवा ब्रॅकेट तयार. असा माल म्हणजे प्रेस पार्ट. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येऊ नये अशी रचना असते, म्हणजे हात डायबाहेर राहतात. टार्गेटपायी एक बटण कायमचे अडकवून ठेवायची क्लृप्ती जिथे खपवून घेतली जाते, तिथे बोटे जातात.

बाकीचे अर्थ भराभर सांगता येतात. कपडे प्रेसला टाकतात, म्हणजे इस्त्रीला. प्रेस बटण म्हणजे टिचबटण. व्यायामशाळेत बेंच प्रेस आणि लेग प्रेस. कापूस पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंग : सरकी काढलेला कापूस दाबून साधारण १७० किलोची गाठ बांधतात. साखर कारखान्यात उसाचा रस निवळून गाळल्यावर उरणारा काळपट गाळ म्हणजे प्रेसमड. निफाडकडचे बागायतदार तो कुजवून द्राक्षबागेला घालतात. ताजा घातला तर कुजताना तापतो आणि मुळांना बाधतो.

इंग्रजीतले दोन अर्थ मराठीत आलेच नाहीत. आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट. आणि बंदरांवर माणसे पकडून ब्रिटिश आरमारात जबरदस्तीने भरती करणाऱ्या टोळ्यांच्या ‘प्रेस गँग’ या नावातला ‘प्रेस’ मुळात निराळाच शब्द : भरती होताना हातावर ठेवायच्या उचल रकमेचा. दाबण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.