बल्बवाल्या एडिसनपासून लीटकोडपर्यंत: इंटरव्ह्यूची ही भानगड आली कुठून

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज. "मामा, बायनरी ट्री उलटा करून पुढे नोकरीत त्याचं करायचं काय?" बायनरी ट्री म्हणजे माहितीची झाडासारखी मांडणी, प्रत्येक फांदीला पुढे जास्तीत जास्त दोनच फांद्या, आणि सॉफ्टवेअरच्या इंटरव्ह्यूला ते झाड उलटं करायला सांगतात. पोरगा फायनल इयरला आहे, कर्वेनगरला तिघांसोबत फ्लॅटवर राहतो, गेले चार महिने रोज रात्री लीटकोड (इंटरव्ह्यूला विचारतात ते कोडिंगचे प्रश्न सोडवायची वेबसाइट), मेसच्या डब्यासमोरसुद्धा लॅपटॉप उघडा. मी "झोप आता" एवढंच टाइप केलं पण मग मलाच झोप लागेना, कारण मी या लाइनमध्ये सतरा-अठरा वर्षं काढलीत, टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, आणि खरं सांगायचं तर आजपर्यंत कामात एकही ट्री उलटा करायची वेळ माझ्यावर आलेली नाही. मग हे सुरू कुणी केलं? त्यासाठी बरंच मागे जावं लागतं, कॉम्प्युटरच्याही मागे.

१९२१ साली बल्बवाला थॉमस एडिसन त्याच्याकडे नोकरी मागायला येणाऱ्या कॉलेज शिकलेल्या पोरांची लेखी परीक्षा घ्यायचा, जवळपास दीडशे प्रश्न. फ्रान्सच्या सीमेला कुठले देश लागतात, व्होल्गा नदी कुठे आहे, असले. थोडक्यात आपला एमपीएससीचा जीकेचा पेपर. एका नापास उमेदवाराने ते प्रश्न आठवून आठवून लिहून काढले, न्यूयॉर्क टाइम्सने छापले, आणि मग घरोघरी लोकांचा तोच उद्योग, सांग बरं तुला किती येतात. त्याच दिवसांत आइन्स्टाइन अमेरिकेत आलेला होता, बोस्टनला त्याला कुणीतरी त्यातला प्रश्न टाकला की आवाजाचा वेग किती, तर हा म्हणाला जे पुस्तकात सहज सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही. गेला, आइन्स्टाइन पहिल्याच राउंडला आउट. एडिसनने नवे प्रश्न काढले. पेपर फुटला म्हणून नवा पेपर, हे तिथून जे सुरू झालंय ते आजपर्यंत थांबलेलं नाही, आणि मला तर वाटतं इंटरव्ह्यूचा सगळा इतिहास एवढाच आहे.

पुढचा मासला विल्यम शॉकली. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल तिघांना मिळालं त्यातला हा एक. त्याने माउंटन व्ह्यूला, म्हणजे आज जिथे गुगलचं मुख्य ऑफिस आहे त्याच गावात, सेमीकंडक्टरची लॅब काढली होती आणि येणाऱ्याला तो हातात स्टॉपवॉच धरून कोडी घालायचा. १९५७ ला जिम गिबन्स नावाचा तरुण आला, हा पुढे स्टॅनफर्डला इंजिनीअरिंगचा डीन झाला. शॉकलीने विचारलं, टेनिसच्या नॉकआउट स्पर्धेत १२७ खेळाडू आहेत, एकूण मॅच किती होतील? बहुतेक जण ६३, मग ३२, मग १६ अशी बेरीज करत बसतात. गिबन्सने फटकन सांगितलं १२६. एका मॅचला एक जण बाहेर, शेवटी एक उरला पाहिजे, म्हणजे १२६ जण घालवायचे, संपला विषय. शॉकली खूष व्हायच्या ऐवजी चिडला, तू हे आधी ऐकलंयस का म्हणून! आता हे वाचून ज्याने ज्याने इंटरव्ह्यू दिलाय तो हसला असणार. प्रश्न येत असतो, आणि आधी येतच नव्हता असा चेहरा करून कपाळाला हात लावून "हम्म, इंटरेस्टिंग" म्हणायचं, ही ॲक्टिंग तेव्हापासूनची आहे. (त्याच वर्षी शॉकलीचे आठ चांगले लोक त्याला कंटाळून एकदम सोडून गेले. कोडी घालून माणसं निवडता आली तरी टिकवता येत नाहीत ते असं.)

पन्नासच्याच दशकात आयबीएमने प्रोग्रॅमर निवडायला एक ॲप्टिट्यूड टेस्ट काढली. तेव्हा प्रोग्रॅमिंग शिकवणारी कॉलेजंच नव्हती त्यामुळे कुणाला येईल हे ओळखायचं कसं हा खरा प्रश्न होता. मग आकड्यांची मालिका पूर्ण करा, आकृत्यांमधलं साम्य शोधा, थोडं अंकगणित. कॅम्पसच्या पहिल्या राउंडला आपण जे देतो ते आणि हे शेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही कुठलं कुठलं.

मायक्रोसॉफ्टचं सगळ्यांना माहीत असतं. मॅनहोलचं झाकण गोल का असतं? (गोल झाकण कसंही फिरवलं तरी स्वतःच्याच भोकात पडत नाही, चौकोनी तिरकं केलं तर पडतं. आपल्याकडे झाकणच नसतं हे उत्तर चालत नाही, एका मित्राने देऊन बघितलंय.) ऐंशी-नव्वदच्या दशकात ही कोडी मायक्रोसॉफ्टची ओळखच झाली, बाकीच्यांनी उचलली, आणि २००३ साली त्यावर अख्खं पुस्तक आलं, म्हणजे परत पेपर फुटला.

आता आपल्याकडचं, कारण हे मी स्वतः भोगलंय. इन्फोसिस १९८१ ला पुण्यातच सुरू झाली, नंतर दोनेक वर्षांत बेंगळुरूला गेली. नव्वदीत आयटीची भरती वाढली तेव्हा कॅम्पसला हजार पोरं आणि निवडणारे पाच, कोण बोलत बसणार प्रत्येकाशी. म्हणून लेखी. तर तयारी म्हणजे शकुंतला देवींचं कोड्यांचं पुस्तक, आर. एस. अगरवाल, इंग्रजी शब्दांसाठी जीआरईची वर्डलिस्ट, आणि सीनियरने दिलेला "मागच्या वर्षीचे प्रश्न" हा झेरॉक्सचा गठ्ठा ज्यात दर तिसऱ्या पानावर चहाचा डाग. आणि टेक्निकलला यशवंत कानेटकर. नागपूरचा हा माणूस, यांच्या पुस्तकांवर देशभरातली पोरं सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकली. अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड प्रत घ्यायची, टर्बो सी नावाच्या सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनवर टाइप करायची आणि आउटपुट पाठ करायचं.

पाठ म्हणजे शब्दशः पाठ. त्या काळचा लाडका प्रश्न: आयची किंमत ५, तर प्लसप्लस आय अधिक प्लसप्लस आय किती? (प्लसप्लस म्हणजे आधी एकने वाढव.) मी एका कंपनीत, नाव नको, १४ (सात अधिक सात) सांगितलं कारण माझ्या मशीनवर मी ते करून बघितलं होतं. समोरचे सर म्हणाले १३. मी म्हणालो सर १४ येतं. ते म्हणाले लॉजिक लावा, सहा अधिक सात. बाहेर. कित्येक वर्षांनी मला कळलं की दोघंही चूक, कारण सी भाषेच्या स्टँडर्डप्रमाणे याचं उत्तर ठरलेलंच नाही, एकाच ओळीत एकच व्हेरिएबल असं दोनदा बदललं तर कंपायलरने, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमने, काहीही करावं त्याला मुभा आहे, कुठला १३ देईल कुठला १४. जावामध्ये मात्र डावीकडून उजवीकडे जायचा नियम पक्का आहे, तिथे १३च. म्हणजे सरांनी प्रश्न चुकीच्या भाषेत विचारला. असो. जखम बरी झालीय.

तिकडे गुगल आलं आणि कोड्यांचा दर्जा वाढला. २००४ ला सिलिकॉन व्हॅलीत हायवेच्या कडेला एक होर्डिंग लागलं, कंपनीचं नाव नाही गाव नाही, फक्त एवढंच की गणितातल्या 'ई' (२.७१८...) या न संपणाऱ्या आकड्यात सलग येणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या, पुढे डॉट कॉम. उत्तर ७४२७४६६३९१. त्या साइटवर गेलात की अजून एक कोडं, ते सुटलं की गुगल म्हणणार बायोडेटा पाठवा. भारी आयडिया होती, मान्य. पण विमानात गोल्फचे बॉल किती मावतील छापाच्या प्रश्नांबद्दल त्यांचाच एचआरचा मुख्य लाझलो बॉक २०१३ ला उघड म्हणाला की हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, त्यातून काही कळत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं इतकंच. तोवर जगभरच्या कंपन्यांनी त्यांची नक्कल करून झालेली.

कोडी गेली आणि त्यांच्या जागी डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, म्हणजे माहिती मांडायच्या आणि प्रश्न सोडवायच्या पद्धती, येऊन बसलं. त्याला कारणही होतं. २००१ ला टॉपकोडर, २००३ ला गुगलचं कोड जॅम, २००९ ला आपल्या मुंबईच्या डायरेक्टीने कोडशेफ काढलं, यातून स्पर्धेत कोड करणारी एक जमातच तयार झाली आणि तीच पुढे कंपन्यांत जाऊन इंटरव्ह्यू घ्यायला बसली. माणूस आपल्याला जे येतं तेच विचारतो.

आणि हे अगदीच बिनकामाचं आहे असं मी म्हणणार नाही. बायनरी सर्च घ्या. डिक्शनरीत शब्द शोधतो तसं, मधलं पान उघडायचं, पुढे की मागे बघायचं, अर्धं फेकायचं. लेकरू समजेल. पण पद्धत छापून आली १९४६ ला आणि कुठल्याही लांबीच्या यादीवर बरोबर चालेल असं पहिलं रूप छापून आलं १९६० ला, चौदा वर्षं लागली. प्रोग्रॅमिंगवर पुस्तक लिहिणाऱ्या जॉन बेंटलीने नोकरी करणाऱ्या प्रोग्रॅमरना दोनेक तास देऊन हे लिहायला लावलं तर नव्वद टक्के लोकांच्या कोडमध्ये बग, म्हणजे चूक. आणि खरी मजा पुढे. २००६ ला जोशुआ ब्लॉकने जाहीर केलं की जावासोबत येणाऱ्या, त्याने स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये नऊएक वर्षं बग होता, आणि तोच बेंटलीच्या पुस्तकातल्या कोडमध्येही. मधला नंबर काढायला आपण लो आणि हाय (यादीच्या उरलेल्या भागाचा पहिला आणि शेवटचा नंबर) यांची बेरीज करून दोनने भागतो ना, ती बेरीज २१४ कोटींच्या पुढे गेली की इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठी ठेवलेल्या जागेत, मावत नाही, उलटी होऊन मायनस होते आणि प्रोग्रॅम आपटतो. उपाय साधा, हायमधून लो वजा करा, निम्मं करा, ते लोमध्ये मिळवा. आज मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा दहातले आठ जण हे बरोबर लिहितात. मी विचारतो असं का लिहिलंस? दोघं सांगतात. बाकीचे म्हणतात "सर असंच असतं".

तर हे "असंच असतं" कुठून आलं. २००८ ला गेल लाकमन मॅकडॉवेलने क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू काढलं. बाई गुगलमध्ये इंजिनीअर होती, तिथल्या हायरिंग कमिटीवर बसलेली, त्यामुळे आतली गोष्ट. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न. तोपर्यंत लीटकोड, हॅकररँक, गीक्सफॉरगीक्स सगळं जोरात आणि नंतर तर ठरावीक प्रश्नांच्या याद्यांचा पूर, ब्लाइंड ७५ काय, स्ट्रायव्हरची शीट काय, पोरं एकमेकांना नाव विचारायच्या आधी कितवा प्रश्न चालू आहे विचारतात.

आणि भाच्याचा ट्री? तो २०१५ चाच. मॅकवर सॉफ्टवेअर टाकायला लोक होमब्रू वापरतात, ते लिहिणारा मॅक्स हॉवेल गुगलमध्ये नापास झाला आणि त्याने ट्विटरवर शिवी हासडून लिहिलं की तुमचे नव्वद टक्के इंजिनीअर माझं सॉफ्टवेअर वापरतात पण बोर्डावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून मला हाकललं. जगभर बोंब झाली, सगळे हळहळले, आणि लीटकोडने काय केलं तर तो प्रश्नच टाकला, नंबर २२६. प्रत्येक फांदीवर डावं उजवं अदलाबदल, पाच-सहा ओळींचं काम. एका माणसाचं दुखणं ते पुढच्या लाखो पोरांचा होमवर्क. मामाला इतिहास विचारलास ना, हा घे.

एक गोष्ट मात्र मला जास्त लागते. २०२० ला नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, अर्ध्यांना बोर्डासमोर, कुणीतरी बघतंय आणि तू मोठ्याने बोलत बोलत सोडव, बाकीच्यांना तोच प्रश्न एकट्याला खोलीत. समोर कुणी असलं की कामगिरी निम्म्याहून खाली. मुली थोड्याच होत्या त्यात, पण बघणाऱ्यासमोर एकही पास झाली नाही आणि एकट्या खोलीत सगळ्या पास. मी घेतलेले इंटरव्ह्यू आठवले. एक सोलापूरची मुलगी होती, मार्कर धरलेला हात इतका थरथरत होता की मीच म्हटलं बस, पाणी पी. तेव्हा मी फीडबॅकमध्ये "कॉन्फिडन्स कमी" लिहिलं होतं.

वागणुकीच्या प्रश्नांचं थोडक्यात. ॲमेझॉनने १९९९ पासून दुसऱ्या टीमचा एक माणूस इंटरव्ह्यूत बसवायला सुरुवात केली, बार रेझर, भरतीची घाई नसलेला माणूस. शिवाय त्यांची लीडरशिपची तत्त्वं, आधी १४ होती २०२१ ला १६ झाली, त्यावर स्वतःचे किस्से सांगायचे. आपली पोरं इथे मार खातात कारण "आम्ही केलं, टीमने केलं" असं बोलायची सवय, मी मी केलं की घरी ओरडा बसलेला असतो, आणि समोरच्याला नेमका तो "मी" ऐकायचा असतो.

कोविडमध्ये बोर्ड गेला, सगळं व्हिडिओवर आलं, आणि मग एआय आलं. २०२५ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्याने असं टूल बनवलं की स्क्रीन शेअर करूनही समोरच्याला दिसत नाही आणि उत्तर तुमच्यापुढे येतं, कॉलेजने त्याला सस्पेंड केलं. त्याच वर्षी सुंदर पिचाई म्हणाले निदान एक राउंड तरी समोरासमोर हवा. म्हणजे एडिसनचा पेपर परत फुटलाय आणि कंपन्या परत खोलीत बोलावतायत.

हे सगळं भाच्याला सांगायला बसलो तर त्याचा प्रश्न, "म्हणजे हाताने लिहावं लागेल?" त्याने आयुष्यात कोड हाताने लिहिलेला नाही, फक्त सेमिस्टरच्या पेपरात. रविवारी अप्पा बळवंत चौकातून एक छोटा बोर्ड आणि दोन मार्कर आणले, भिंतीला टेकवला, म्हटलं २२६ नंबर लिही. पहिली ओळ बोर्डाच्या मधोमध सुरू केली, तिसरीपर्यंत उतरत उतरत कोपऱ्यात गेला, आणि मग मार्कर तोंडाला लावून माझ्याकडे बघत म्हणाला, "मामा, मध्ये ओळ घुसवायची असेल तर काय करायचं?"