औषधाच्या डब्यावरचे इंग्रजी शब्द, आपल्या भाषेत

शेतकरी बंधू-भगिनींनो,

औषध घेताना बहुतेक जण एकच विचारतात, "भाऊ, पंपाला किती झाकणं टाकू?" ते आम्ही सांगतोच. पण डब्यावर छापलेलं तुमच्यासाठीच असतं, आणि ते न कळल्याने झालेलं नुकसान आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

आमचे एक ग्राहक कपाशीची पानं रुमालात बांधून दुकानात आले. भेंडीच्या पानासारखी अरुंद, बोटं फुटल्यासारखी पानं. त्यांना वाटलं, रोग आला. विचारता विचारता कळलं, आठवड्यापूर्वी त्याच पंपाने मक्यात टू-फोर-डी मारलं होतं आणि पंप नुसता विसळून कपाशीवर तुडतुड्यांचं औषध घेतलं होतं. टू-फोर-डी 'सिलेक्टिव्ह' तणनाशक आहे, म्हणजे निवडून मारणारं. रुंद पानाचं तण मारतं, मक्याला सोडतं. पण कपाशीचं पान रुंदच, तिला कसं सोडेल? 'नॉन-सिलेक्टिव्ह' म्हणजे हिरवं दिसेल ते मारणारं, ग्लायफोसेट त्यातलंच. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, ही आमची हात जोडून विनंती.

'कॉन्टॅक्ट' औषध पडेल तिथेच काम करतं, म्हणून पान वरून-खालून भिजलं पाहिजे. 'सिस्टेमिक' झाडात भिनतं. केळीच्या करप्यावर मॅन्कोझेब मारलं तर ते पानावर थर धरून बसतं. प्रोपिकोनॅझोल पानाच्या आत शिरतं.

सगळ्यात जास्त घोळ 'पर हेक्टर'चा. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. डब्यावर 500 मिली पर हेक्टर लिहिलं असेल तर एकराला 200 मिलीच. 500 मिली एकरात ओतलं की अडीचपट खर्च, आणि पीकही भाजू शकतं.

'वेटिंग पिरियड' म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस. भरताच्या वांग्याचा तोडा सारखा चालू असतो, तिथे हा आकडा पाहूनच औषध निवडा. ती वांगी आधी आपल्याच घरात भाजली जातात.

ठिबकमधून 'वॉटर सोल्युबल', म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारंच खत सोडा. 19:19:19 म्हणजे 100 किलोत नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 किलो. कॅल्शियम नायट्रेट मात्र स्फुरदाच्या खतासोबत एका टाकीत कालवू नका. पांढरा साका बसतो आणि ड्रिपर बुजतात. अशा न जमणाऱ्या जोडीला 'इनकॉम्पॅटिबल' म्हणतात.

डब्यावरचा रंगीत चौकोन विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 'अँटिडोट' म्हणजे विषावरचा उतारा. फवारताना कुणाला मळमळ, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा आणि औषधाचा डबा सोबत न्या. डॉक्टरांना तो उतारा डब्यावरच वाचायला मिळतो.

खोक्यातलं बारीक अक्षरांचं पत्रक फेकू नका. दुकानात घेऊन या, आम्ही बसून वाचून दाखवू.