विरंगुळा केंद्रात एक वर्गही हवा

उतारवयात रोज शब्दकोडी सोडवा, चार लोकांत मिसळा, म्हणजे स्मरणशक्ती टिकते, असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचल्यावर हा सल्ला मला अपुरा वाटू लागला.

प्रयोगात ६० ते ९० वर्षांची २२१ माणसं होती. काहीजण डिजिटल फोटोग्राफी शिकले, काही गोधडीकाम, तर काही दोन्ही. एक गट नुसता जमायचा. गप्पा, खेळ, स्वयंपाक, सहली. आणखी काहीजण घरीच संगीत ऐकत, शब्दकोडी सोडवत. आठवड्याला १५ तासांच्या आसपास, असं तीन महिने चाललं. नंतरच्या चाचण्यांत स्मरणशक्ती सुधारलेली दिसली ती शिकणाऱ्यांची, त्यातही फोटोग्राफीवाल्यांची जास्त. नुसत्या जमणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही.

फोटोग्राफीच का? संध्याकाळच्या उजेडात फोटो काढायचा तर शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि भिंगाचं छिद्र केवढं ठेवायचं, याचा मेळ घालावा लागतो. एक बदललं की दुसरंही बदलायचं. मग तो फोटो संगणकावर घेऊन सुधारायचा. त्यातली एखादी पायरी विसरली की काम तिथेच अडतं. म्हणजे नवी माहिती सतत डोक्यात धरून ती लगेच वापरावी लागते. यामुळे स्मृतिभ्रंश टळतो, असं मात्र या प्रयोगानं दाखवलेलं नाही.

जर्मनीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये साठीच्या लोकांना तीन चेंडू एकामागून एक उडवत झेलायला शिकवलं, तेव्हा मेंदूत स्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागातही वाढ दिसली. सराव थांबल्यावर ती ओसरली.

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांत कॅरम, वाढदिवस, व्याख्यानं असतात. एकटेपणावर त्यांचा मोठा आधार आहे आणि तो राहायलाच हवा. त्याच्या जोडीला एखादा नेमाचा वर्ग सुरू करावा, असं मनापासून वाटतं. हार्मोनियमचा चालेल, मोडी लिपीचा तर उत्तमच. फक्त तो अवघड होत गेला पाहिजे. मोडीची बाराखडी हाताखालून गेली की सभासदांपुढे जुनं खरं पत्र ठेवावं आणि दोघादोघांनी मिळून ते वाचून अर्थ लावायला सांगावं.