सचित्र पत्र (बेळगाव सीमाभाग)

सचित्र पत्र : स्नेह्याला स्वहस्ते लिहिलेल्या पत्रात त्याच शाईने रेखाटन करण्याची रीत. मजकूर आणि रेखाटन बहुधा एकाच बैठकीत व एकाच लेखणीने उतरते आणि दोहोंपैकी एक वगळले तर दुसरे अपुरे राहते, हे तिचे मुख्य लक्षण मानावे. पाकिटात वेगळे घातलेले चित्र किंवा छापील भेटकार्डावरचा मजकूर या व्याख्येत बसत नाही. येथे बेळगाव, खानापूर, निपाणी व लगतच्या हल्याळ-कारवार पट्ट्यातील मराठी भाषकांच्या संदर्भात या रीतीचा विचार केला आहे.

उगमाविषयी दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ जैन विज्ञप्तिपत्रांत शोधावे लागते. आचार्यांनी चातुर्मास आपल्या गावी करावा, अशी विनंती करणारी ही लांबलचक पत्रे प्रामुख्याने गुजरात-राजस्थानात संघाच्या, म्हणजे गावच्या जैन समुदायाच्या, वतीने पाठवली जात आणि त्यांत गावची पेठ, मंदिरे, मिरवणुका चितारलेल्या असत. आग्र्याचे १६१० मधील, उस्ताद शालिवाहनाने चितारलेले विज्ञप्तिपत्र विशेष प्रसिद्ध आहे. बेळगाव परिसरात जैन समाज जुना असल्यामुळे हे मत येथे आकर्षक वाटते; तथापि त्या पत्रांत लेखक निराळा, चितारी निराळा आणि पाठवणारा सबंध संघ असे. खाजगी स्नेहाचा त्यांत प्रश्नच नव्हता. मराठी दप्तरांतील मोडी पत्रांतही मायना, मजकूर व मोर्तब यांची जागा ठरलेली असे आणि चित्राला वाव नसे. म्हणून टपालखाते, पोलादी निबेचा टाक आणि शाळेतील ड्रॉइंगचा तास या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर, म्हणजे साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वा त्यानंतर, ही रीत शक्य झाली, हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. अन्यत्रचे दाखलेही याच काळाकडे बोट दाखवतात : व्हॅन गॉगने भाऊ थिओला लिहिलेली पत्रे, इंग्रज बालकथालेखिका बिआट्रिक्स पॉटर हिने ४ सप्टेंबर १८९३ रोजी एका आजारी मुलाला पाठवलेले सशाच्या गोष्टीचे पत्र आणि पुढे बंगाली चित्रकार नंदलाल बोस यांची रेखाटनयुक्त पोस्टकार्डे.

या रीतीचे बरेवाईट शाईवर ठरते. दप्तरी शाई काजळी व डिंक घोटून केलेली असे आणि ती बोरूने चालवीत. काजळीचे कण कागदावर थर धरून बसतात, त्यामुळे अशी रेघ शतके उलटली तरी विटत नाही. मात्र हीच शाई झरणीत (फाउंटन पेनात) भरली तर तिची जीभ, म्हणजे निब, चोंदते. हिरडा व हिराकस यांची शाई निराळ्या तत्त्वावर चालते. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकशीतील लोह यांचा संयोग लिहिताना फिकट असतो, हवेतील ऑक्सिजनने तो काळा पडतो आणि अनेक वर्षांनी तपकिरी होतो. आम्लाचे प्रमाण अधिक झाल्यास दाट छायेच्या जागी कागद खाल्ला जातो. टाकाने काढलेल्या ठळक काळ्या रेषेसाठी लाख मिसळलेली जलरोधक शाई वापरतात, पण तीही झरणीत घालू नये. १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या उद्योगाने (पुढे कॅम्लिन) शाईची पूड व गोळ्या बाजारात आणल्या. झरणीची नेहमीची निळी शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते आणि रेखाटकाला हा दोष उपयोगी पडतो : रेघेवरून ओला कुंचला फिरवला की कौलाखालची सावली आपोआप मिळते. तेच पत्र टपालात भिजले तर मजकूरही वाहून जातो, म्हणून पत्ता तरी न विरघळणाऱ्या शाईने लिहिणे इष्ट.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, मलप्रभेच्या उगमाकडे कणकुंबी भागात पाऊस फार असतो. दमट हवेत कागद ओल धरतो आणि शाई फुटते. अशा दिवसांत कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहावी. तिच्या कडांना तंतू फुटले तर त्या दिवशी बारीक काम करू नये.

आंतरदेशीय पत्र २ ऑक्टोबर १९५० रोजी आले. त्यात वेगळा कागद घालण्यास मनाई असल्याने चित्र पत्रावरच काढावे लागते, आणि मजकूर-चित्राच्या एकजीवपणाचे बरेचसे श्रेय या नियमाला द्यावे लागेल. कागद मात्र पातळ असतो, रेघ मागे उमटते आणि घडी चित्रावरून जाते. लिफाफ्यात ८० ग्रॅमी (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) ए-फोर कागदाचा एक ताव सुमारे ५ ग्रॅम भरतो. टपालदराच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात असे तीन ताव हलक्या पाकिटासह बसतात.

विषय बहुधा परिसरातले असतात : येळ्ळूरचा राजहंसगड, खानापूरच्या लाल मातीची भांडी, निपाणीची तंबाखू. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर (१२०४) रेखाटकाची खरी परीक्षा घेते. त्याच्या मंडपाच्या छतातून ७२ पाकळ्यांचे दगडी कमळ खाली उतरले आहे. खालून पाहताना जवळच्या पाकळ्या लांब व पलीकडच्या आखूड दिसतात, आणि सगळ्या काढू गेल्यास शाईचा नुसता गोळा होतो. जाणता पत्रलेखक समोरच्या चारसहा पाकळ्या स्वच्छ काढतो, उरलेल्या तुटक रेघांनी सुचवतो आणि दगडाचा गारवा, आतला अंधार मजकुरात सांगतो. चित्राने काय सोडावे हे मजकुराने ठरवणे, हीच या रीतीची खरी कला आहे.

बेळगावात रेखाटनाची तालीम कसदार होती. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांचे शिष्य, चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) बेळगावचेच. धारवाडला अध्यापन करणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी चित्रेही काढीत, आणि त्यांच्या निवडक पत्रांचे खंड प्रसिद्ध आहेत. सर्वसामान्य घरांतील पत्रे मात्र दप्तरखान्यात जात नाहीत. ती ट्रंकेत किंवा पोथीच्या रुमालात राहतात.

पत्त्याच्या बाजूवर रेखाटन करू नये. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड लागू झाल्यावर हे पथ्य अधिक महत्त्वाचे ठरले, कारण बेळगावचा ५९०००१ आणि शेजारच्या चंदगडचा ४१६५०९ हे दोन वेगळ्या टपाल परिमंडळांत मोडतात आणि एक अंक रेघेखाली झाकला गेला तरी शेजारच्या तालुक्यातले पत्र भलत्याच वाटेला लागू शकते.